डिस्चार्ज मिळाला, पण गोळ्यांचे काय? ज्येष्ठांची औषधे घरी आल्यावर का चुकतात

रुग्णालयात असेपर्यंत वेळेवर औषध देणे हे नर्सचे काम असते. डिस्चार्ज मिळाला की ते घरच्यांवर येते, नाहीतर खुद्द सत्तरीतल्या रुग्णावर. हातात असते इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड. बिल, कॅशलेसची मंजुरी आणि गाडीची धावपळ यात गोळ्या समजावून सांगण्याचे काम बहुतेक वेळा घाईत उरकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे साधारण ५० टक्केच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी याच संघटनेने २०१७ मध्ये जागतिक मोहीम सुरू केली. तिच्या तीन मुख्य विषयांपैकी एक होता रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो टप्पा, म्हणजेच रुग्णालयातून घरी येणेही.

जुनी पट्टी आणि नवी पट्टी

घरोघरी होणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक हीच. समजा, आजोबा आधीपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन घेत होते. रुग्णालयाने तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून दिले. घरी डब्यात जुनी पट्टी आहेच. नाव वेगळे, रंग वेगळा, म्हणून दोन्ही गोळ्या सुरू राहतात. बीपी प्रमाणाबाहेर उतरते, रात्री बाथरूमला उठताना चक्कर येते आणि खुब्याचे हाड मोडते. पुढे सगळे म्हणतात, पाय घसरला.

पट्टीवर ब्रँडचे नाव आणि मूळ औषधाचे नाव अशी दोन नावे असतात. पाहायचे ते मूळ औषधाचे नाव. डॉक्टरांनी औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये झाली. मात्र केमिस्टने पट्टी कापून सुट्या गोळ्या दिल्या, तर नाव आणि मुदत दोन्ही दुसऱ्या तुकड्यावर राहू शकतात. तेव्हा मागून घ्यावे.

यावर साधा उपाय असा: पहिल्या तपासणीला जाताना घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. त्यात काढे, चूर्ण आणि गुडघेदुखीसाठी आपणहून आणलेली पेनकिलरही आली. यातली कोणती बंद, हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. काय सुरू करायचे हे कार्डावर असते, काय थांबवायचे हे पुष्कळदा नसते.

१-०-१ म्हणजे काय?

सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण सगळी औषधे या हिशेबात बसत नाहीत. सांधेवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते. अशा औषधाचा वार कॅलेंडरवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला बरा.

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देण्याआधीही विचारावे. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असेल तर ती औषध हळूहळू सोडणारी गोळी असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. वारांचे कप्पे असलेली डबी उपयोगी खरी, पण डाबिगॅट्रानसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाला दमट हवा चालत नाही. ते मूळ वेष्टनातच ठेवावे.

बरे वाटते, मग कशाला?

स्टेंट बसवल्यावर छातीतले दुखणे थांबते आणि गोळ्या नकोशा होतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मध्येच बंद केले तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा हार्ट ॲटॅक येऊ शकतो. दात काढायचा आहे म्हणूनही ती परस्पर थांबवू नयेत. मेटोप्रोलोलसारखी औषधे किंवा बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइडही अचानक सोडणे धोक्याचे असते.

काही जण मात्र खर्च परवडत नाही म्हणून एक दिवसाआड गोळी घेतात आणि मुलांना कळू देत नाहीत. याला विसरभोळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. डॉक्टरांना सांगितले तर स्वस्त पर्याय निघू शकतो. जनऔषधी केंद्रात बीपी-शुगरची अनेक औषधे बरीच कमी किमतीत मिळतात.

गोळी चुकली तर?

लवकर आठवले तर साधारणपणे लगेच घेता येते; पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत मात्र डॉक्टरांना फोन करूनच ठरवावे.

एकादशी-चतुर्थीचा वेगळा प्रश्न असतो. पोटात अन्न नसताना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उपास म्हणून सगळीच औषधे बंद ठेवली तर बीपी आणि साखर वाढते. महिन्यातले उपास कोणते, त्या दिवशी काय खाल्ले जाते, हे डिस्चार्जच्या वेळीच सांगितले तर डॉक्टर त्या दिवसांचे डोस वेगळे लिहून देऊ शकतात.