‘कॅप्टन अमेरिका’ : एका युद्धपटाचे गुणदोष

चित्रपट हे इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य मानावे, हा प्रश्न नवा नाही. युद्धावरील कोणताही चित्रपट दोन काळांची साक्ष देत असतो : तो ज्या काळाचे चित्रण करतो त्याची, आणि तो ज्या काळात निर्माण झाला त्याची. पहिली साक्ष हेतुपूर्वक दिलेली असते, म्हणून ती पारखून घ्यावी लागते. दुसरी बहुधा नकळत दिली जाते, म्हणून ती अधिक मोलाची ठरते. प्रस्तुत लेखात ‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अव्हेंजर’ ह्या जो जॉन्स्टन-दिग्दर्शित अमेरिकन चित्रपटाचा (२०११) ह्या दोन्ही अंगांनी विचार करावयाचा आहे. अतिमानवी नायकाची, म्हणजे प्रचलित भाषेत सुपरहिरोची, ही कथा दुसऱ्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर रचलेली आहे. तीत अद्भुताचा अंश पुष्कळ आहे, हा तिचा दोष मानण्याचे कारण नाही. पुराणकथेकडून कोणी तहनाम्याची अपेक्षा करीत नाही. प्रश्न एवढाच की, अद्भुताच्या आश्रयाने हा चित्रपट इतिहासाचे काय उघड करतो आणि काय झाकतो.

ह्या नायकाचा जन्म पडद्यावर झालेला नाही. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जो सायमन आणि जॅक कर्बी ह्या दोन तरुण ज्यू चित्रकथाकारांनी तो निर्माण केला. त्याच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ हा महिना छापलेला असला, तरी तो डिसेंबर १९४० मध्येच विक्रीस आला होता. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारीत आहे. पर्ल हार्बरवरील हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा. म्हणजे हे चित्र प्रसिद्ध झाले तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेली नव्हती. इतकेच नव्हे, तर २० फेब्रुवारी १९३९ रोजी न्यूयॉर्कच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन-अमेरिकन बुंडने भरविलेल्या नाझीधार्जिण्या सभेस सुमारे वीस हजार लोक जमले होते. अशा शहरात असे मुखपृष्ठ छापणे ही राजकीय भूमिकाच होती. शत्रूचे नाव स्पष्टपणे उच्चारणे, हे त्या चित्राचे खरे सामर्थ्य होय.

युद्ध ऐन भरात असताना निघालेल्या मालिकापटांत हे सामर्थ्य टिकले नाही. १९४४ साली रिपब्लिक पिक्चर्सने ह्याच नायकावर पंधरा भागांचा मालिकापट काढला. त्यात नाझी मुळीच नाहीत; नायक सैनिक नसून ग्रँट गार्डनर नावाचा सरकारी वकील आहे, आणि त्याच्या हाती ढालीऐवजी पिस्तूल आहे. ह्याउलट, १९४३ च्या कोलंबिया कंपनीच्या ‘बॅटमॅन’ मालिकापटात शत्रू जपानी असून, अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांच्या धरपकडीबद्दल निवेदक सरकारचे शहाणपण वाखाणतो. १९ फेब्रुवारी १९४२ च्या ९०६६ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशान्वये सुमारे १,२०,००० लोक छावण्यांत डांबले गेले, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिकच होते. एका मालिकापटाने शत्रूचे नाव गाळले, दुसऱ्याने एका सबंध वंशालाच शत्रू ठरविले. २०११ च्या चित्रपटाचे मूल्यमापन ह्या पूर्वपरंपरेच्या संदर्भात करणे इष्ट आहे.

चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या मध्यभागात आहे. ब्रुकलिनचा स्टीव्ह रॉजर्स हा कृश, आजारी तरुण सैन्यभरतीत वारंवार नाकारला जातो. एका प्रयोगातून त्याला असामान्य देह लाभतो, परंतु प्रयोगाचा जनक मारला जातो आणि एकट्या सैनिकाचे काय करावे हे सैन्याला उमगत नाही. तेव्हा एक सिनेटर त्याला रंगीत पोशाख चढवून युद्धरोखे विकण्याच्या कामी लावतो. नर्तिकांच्या ताफ्यासमवेत गावोगाव फिरून तो रंगमंचावरील नकली हिटलरला ठोसे मारतो; १९४१ चे ते प्रसिद्ध मुखपृष्ठही येथे प्रचारसाहित्य म्हणून अवतरते. ह्या प्रसंगांत विनोद आहे, परंतु त्याला भक्कम ऐतिहासिक आधार आहे. २५ डॉलरचा रोखा १८.७५ डॉलरला मिळे व दहा वर्षांनी त्याची पूर्ण किंमत हाती येई. सुमारे साडेआठ कोटी अमेरिकनांनी असे रोखे घेतले आणि एकंदर उभारणी १८५ अब्ज डॉलरांच्या घरात गेली. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांपैकी जे वाचले, त्यांच्यापैकी काहींना मायदेशी आणून अशाच रोखेविक्रीच्या दौऱ्यावर धाडण्यात आले होते. वीरपुरुष हा रणांगणावर घडतो तितकाच प्रचारकार्यालयातही घडविला जातो, हे सत्य येथे निःसंकोचपणे मांडले आहे. इटलीच्या आघाडीवर खरे सैनिक ह्या शोभेच्या वीराची हुर्यो उडवितात, तो प्रसंग तर चित्रपटाच्या प्रामाणिकपणाचा कळस म्हणावा लागेल.

दुसरा गुण डॉ. अर्स्काइन ह्या निर्वासित जर्मन शास्त्रज्ञाच्या पात्रात दिसतो. नाझींनी सर्वांत आधी जिंकला तो स्वतःचाच देश, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. जर्मन राष्ट्र आणि नाझी सत्ता ह्यांत भेद करणारी ही दृष्टी युद्धकालीन मालिकापटांना परकी होती.

दोषांचा विचार करताना प्रथम नजरेत भरतो तो शत्रूचा बदल. उत्तरार्धात नायक नाझींशी लढतच नाही. योहान श्मिट आणि त्याची ‘हायड्रा’ ही संघटना हिटलरशी फारकत घेते, पाहणीस आलेल्या नाझी अधिकाऱ्यांनाच ठार करते आणि सारे युद्ध ह्या काल्पनिक संघटनेशी होते. तिच्या शस्त्रांनी माणसे क्षणात अदृश्य होतात; प्रेत उरत नाही. ज्या युद्धात साठ लाख ज्यूंचा संहार झाला, त्या युद्धाच्या ह्या चित्रणात छळछावणीचा मागमूसही नाही. १९४० साली हिटलरचे चित्र छापण्यास धैर्य लागले होते. २०११ साली त्याचे नाव घेण्यास कोणतेच धैर्य लागले नसते, तरीही ते टाळले गेले. दक्षिण कोरिया, रशिया आणि युक्रेन ह्या देशांत चित्रपटाच्या नावातून ‘कॅप्टन अमेरिका’ हे शब्दही गाळले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे कारणाचे अनुमान करता येते. जगभरच्या बाजारपेठेला कोणाचेच मन न दुखावणारा शत्रू हवा असतो. अशा शत्रूला इतिहास नसतो, आणि म्हणून त्याच्याविरुद्धच्या लढ्यातून काही शिकताही येत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. नायकाच्या पथकात एक कृष्णवर्णी आणि एक जपानी वंशाचा अमेरिकन सैनिक सर्वांच्या बरोबरीने वावरतो. हेतू उदार असला, तरी चित्र खोटे आहे. अमेरिकेच्या सैन्यात त्या काळी वर्णभेद काटेकोरपणे पाळला जाई. तो संपविण्याचा आदेश अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. ४४२ व्या रेजिमेंटचे कित्येक जपानी वंशाचे सैनिक इटलीत लढत असताना त्यांचे आईबाप अमेरिकेत काटेरी तारांच्या आड होते. ह्याच आघाडीवर भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) ह्यांनी तेथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे ह्यांना तो मरणोत्तर लाभला. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या ह्या सैनिकांना चित्रपटाच्या स्वातंत्र्ययुद्धात स्थान नाही. अन्याय सोसणाऱ्याचे शौर्य दाखवून त्याच्यावरील अन्याय पुसून टाकणे, ही त्याची दुहेरी उपेक्षा होय.

तिसरी विसंगती कथेच्या बीजातच आहे. देहापेक्षा चारित्र्य श्रेष्ठ, असे चित्रपट सांगतो. परंतु त्या चारित्र्याचे बक्षीस म्हणून नायकाला उंच, गौरवर्णी, निर्दोष देहच देतो. दुर्बलांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा नाझी कायदा १४ जुलै १९३३ चा. परंतु तसा पहिला कायदा अमेरिकेच्या इंडियाना राज्याने १९०७ सालीच केला होता. सुधारलेल्या मानवदेहाचे हे स्वप्न दोन्ही किनाऱ्यांवर पाहिले जात होते, ह्याची जाणीव चित्रपटात आढळत नाही.

सारांश, हा चित्रपट जेथे स्वतःच्या नायकाकडे हसून पाहतो तेथे इतिहासाच्या जवळ जातो, आणि जेथे त्याच्यावर विश्वास ठेवू लागतो तेथे इतिहासापासून ढळतो. युद्धाची प्रत्यक्ष आठवण असणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. पुढील पिढ्यांचे महायुद्धाविषयीचे पहिले ज्ञान पुष्कळदा अशाच चित्रपटांतून येणार. म्हणून संशोधकाने त्यांतील चुकांची यादी करून थांबू नये. कोणाचे नाव गाळले गेले आणि कोणाच्या सोयीसाठी, हे त्याने विचारले पाहिजे.