जीपचा पुढचा एक्सल शाफ्ट काढताना

चारही चाकांना इंजिनाची ताकद पुरविणाऱ्या वाहनात पुढच्या चाकांवर दुहेरी जबाबदारी असते. वाहन ओढणे आणि वळविणे ही दोन्ही कामे त्यांनाच करावी लागतात. त्यामुळे पुढचा एक्सल शाफ्ट हा मागच्यासारखा एकसंध दांडा नसतो. चाकापाशी, जेथे वळण घेतले जाते तेथे, त्याला सांधा असतो. हा शाफ्ट बाहेर काढणे हे काम अवघड नाही. परंतु क्रम चुकल्यास ऑइल सील, बेअरिंग आणि प्रसंगी चाकही गमवावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज व फोर्ड या कंपन्यांनी सुमारे साडेसहा लाख जीप तयार केल्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि ही रचना भारतीय गॅरेजांच्या परिचयाची झाली. येथे दिलेला क्रम याच घडणीच्या जुन्या जीपचा आहे.

केव्हा काढावा लागतो?

फोर-व्हील-ड्राइव्ह लावून वळण घेताना पुढून कटकट असा आवाज येणे हे सांधा झिजल्याचे लक्षण होय. आतील सील निकामी झाल्यास डिफरन्शियलचे ऑइल चाक वळविणाऱ्या नकलच्या पोकळीत उतरते, तेथील ग्रीस पातळ करते आणि पुढे ब्रेकच्या ड्रमपर्यंतही पोहोचू शकते. अशा वेळी शाफ्ट काढण्यावाचून पर्याय नसतो.

काढण्याचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करावी, मागच्या चाकांना गुटके लावावेत आणि पुढची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या आधारावर काम करू नये. चाक काढल्यानंतर हबवरील टोपी, शाफ्टच्या टोकाची स्नॅप रिंग आणि फ्लँजचे सहा बोल्ट काढून फ्लँज ओढून घ्यावा. त्यामागे दोन मोठे नट असून त्यांच्यामध्ये वाकविलेला लॉक वॉशर असतो. वॉशर सरळ करून नट योग्य पान्यानेच सोडवावेत. छिन्नी-हातोडीने ते खराब होतात.

यानंतर हब, ड्रम आणि बेअरिंग एकत्र बाहेर येतात. ब्रेक शू अडकत असल्यास त्यांचे अ‍ॅडजस्टमेंट सैल करावे. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ब्रेकची मागची प्लेट आणि हब ज्यावर फिरतो तो पोकळ स्पिंडल सहा बोल्टनी नकलला जखडलेले असतात. प्लेट सुटी झाल्यावर ती तारेने बांधून ठेवावी. तिचा भार ब्रेकच्या होजवर येऊ देऊ नये. स्पिंडल निघाला की शाफ्ट सांध्यासह सरळ रेषेत हळूहळू ओढावा. तो खाली झुकू दिल्यास त्याचे दाते आतील सील फाडतात. डिफरन्शियल मध्यभागी नसल्याने डावा व उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, याचे भान ठेवावे.

बसविताना

सील नवा घालावा आणि सांध्यात ताजे ग्रीस भरावे. बेअरिंगचा आतील नट चाक जड फिरेपर्यंत आवळून नंतर सुमारे एक षष्ठांश फेरा सैल करावा, वॉशर बसवून बाहेरचा नट आवळावा आणि वॉशर पुन्हा वाकवावा. नट फार घट्ट राहिल्यास बेअरिंग तापून जळते, सैल राहिल्यास चाक डुगडुगते.

शाफ्टविना गाडी चालते का?

दुर्गम ठिकाणी शाफ्ट तुटल्यास तो काढून मागच्या चाकांच्या बळावर गाडी परत आणता येते काय, हा नेहमीचा प्रश्न आहे. जुन्या जीपबाबत उत्तर होकारार्थी आहे. तिचा हब स्पिंडलवर दोन नटांनी धरलेला असतो व वजनाचा भार स्पिंडलच पेलतो. शाफ्ट केवळ ताकद पोहोचवितो. हबचे उघडे तोंड बंद करून धूळ-चिखल आत जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

मात्र हाच नियम नव्या रचनेच्या वाहनांना लावणे जिवावर बेतू शकते. १९९७ ते २००६ या काळातील जीप रँग्लरमध्ये हब आणि बेअरिंग एकसंध असून शाफ्टच्या बाह्य टोकावरील मोठा नट त्यांना दाबून धरतो. हा नट सुमारे २३७ न्यूटन-मीटर इतक्या बळाने आवळावा लागतो. शाफ्ट पूर्ण काढून अशी गाडी चालविल्यास बेअरिंग सुटून चाक निखळू शकते. तेथे तुटलेल्या सांध्यापासून बाहेरचा तुकडा वेगळा करून तो हबमध्ये नटासह परत बसविणे अनिवार्य ठरते.

म्हणूनच पहिला बोल्ट सोडविण्यापूर्वी, आपल्या वाहनाचा हब नेमका कशाने धरलेला आहे, हे त्याच्या पुस्तिकेत पाहून घेणे आवश्यक आहे. घाटातल्या उतारावर त्याचे उत्तर शोधण्याची वेळ येऊ नये.