इनिशियलायझरचे अधिलेखन

फ्रेमवर्कमधील तयार क्लासवरून उपक्लास करताना, मूळ क्लासकडून आलेला आणि ऑब्जेक्टची सुरुवातीची मांडणी करणारा कोड उपक्लासात नव्याने लिहिणे. मॅकच्या कोको फ्रेमवर्कमध्ये हे पदोपदी करावे लागते.

समजा, यावलच्या केळी-खरेदीसाठी ॲप लिहिताना ‘एनएसव्ह्यू’वरून ‘वजनपट्टी’ हा उपक्लास केला. पट्टी कोडमधून बनवली तर ‘इनिट-विथ-फ्रेम’ चालतो. इंटरफेस बिल्डरच्या फाइलमधून आली तर ‘इनिट-विथ-कोडर’. एकच अधिलेखित केला, तर दुसऱ्या वाटेने आलेल्या पट्टीत भाव आणि वजनाचे एकक भरलेच जात नाही. ही चूक फसवी, कारण कंपायलर ती नेहमीच दाखवत नाही. दोन्हींतून एकच तयारीची मेथड बोलावणे उत्तम.

ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये आधी ‘सुपर’ला बोलावतात, मिळालेला ‘सेल्फ’ निल नाही हे तपासतात, मग स्वतःची चले भरतात. २०१४ साली आलेल्या स्विफ्टमध्ये क्रम उलटा: स्वतःच्या प्रॉपर्टी आधी, ‘सुपर’ नंतर. उपक्लासने स्वतःचा मुख्य इनिशियलायझर लिहिला की वारशाचे इनिशियलायझर आपोआप मिळत नाहीत, आणि सक्तीचा ‘कोडर’ इनिशियलायझर लिहावाच लागतो. एक्सकोड तिथे ‘फेटलएरर’ची ओळ सुचवतो, ती तशीच राहिली, तर पट्टी फाइलमधून उघडताच ॲप बंद पडते.