घराला चुना लावा, गिऱ्हाइकाला नको!

हा भाग ऐकायचा राहिला असेल, किंवा बसमध्ये रेंज गेली असेल, तर हे घ्या, लिहून.

अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एकदाच येतं. 29 नोव्हेंबर 1803ला आडगावची लढाई झाली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 30 डिसेंबरला आपल्या गावात दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचा तह झाला. गंगा-यमुनेच्या दुआबापर्यंतचे मुलूख एका कागदावर हात बदलून गेले. आज मात्र आपण छोट्या मालकीबद्दल बोलू. चार खोल्या, एक ओसरी, मागं न्हाणी. आजोबांचं घर. पोरं पुण्याला, नाहीतर नागपूरला. घर विकायचं ठरलंय. येणारा माणूस दारातच भाव पाडतो. मग घरात वाद सुरू होतो, रंगरंगोटीवर पैसे घालायचे का, आणि किती?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच भिंतीच्या इतिहासात आहे. बघू या.

सुरुवात चुन्यापासून. चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो खदखदतो, विरतो. भिंतीवर लावला की हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत दगड बनतो. म्हणजे चुन्याचा हात म्हणजे भिंतीवर चढवलेला पातळ दगडच. शिवाय ओला चुना इतका तीव्र असतो की बरेचसे जंतू त्यात टिकत नाहीत.

1896मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. पालिकेची माणसं घरोघरी फिरून खोल्या धूत होती, भिंतींना चुना मारत होती. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यूएचएच' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जात. या कारवाईत लोकांवर जुलूमही झाला, त्याचा राग मोठा होता. पण पांढरी भिंत म्हणजे स्वच्छ घर हे समीकरण सरकारनं शिकवलेलं नाही. दिवाळीच्या आधी घर सारवायचं, पांढरं करायचं, दारात सडा-रांगोळी घालायची, हे आपल्याकडं आधीपासूनच होतं. लग्नाचं स्थळ येणार असलं तरी हेच. दुसऱ्याच्या नजरेसाठी घर तयार करणं आपल्याला नवीन नाही, राजेहो.

आता नीळ. चुना वाळला की किंचित पिवळट दिसतो. त्यात चिमूटभर नीळ टाकली की डोळ्याला तो जास्त पांढरा भासतो. ही निळी पूड एकेकाळी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून बनायची आणि प्रचंड महाग होती. 1828च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञानं ती कारखान्यात बनवायची रीत काढली. राजेरजवाड्यांच्या चित्रातला रंग त्यामुळं पुढं किराणा दुकानाच्या पुडीत आला. स्वस्तात सजावट म्हणतात ती हीच.

तिसरी गोष्ट पोळ्याची. 1942मध्ये मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. महायुद्धामुळं बाहेरचा रंग येणं बंद झालं होतं. मोठ्या शहरांतले मोठे दुकानदार या नव्या पोरांना उभं करत नव्हते, म्हणून ते खेड्यांकडं वळले. या कंपनीबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला शेतकऱ्याला रंग हवा असायचा, पण एवढासाच. म्हणून छोटे डबे निघाले. 1954मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी हातात ब्रश आणि डबा घेतलेला खट्याळ 'गट्टू' काढला आणि रंगाचा डबा घराघरात ओळखीचा झाला. यातून घर विकणाऱ्यानं काय घ्यावं? छोटा डबा पुरतो. अख्खं घर रंगवायला पैसे नसतील तर दर्शनी भिंत, दाराची चौकट आणि खिडकीचे गज एवढंच करा. माणसाची नजर पहिल्यांदा तिथंच जाते.

चौथी गोष्ट, दार. मेळघाट डोक्यावर असल्यानं आपल्याकडच्या जुन्या घरांत सागवानी दारं पुष्कळ. त्यांवर तेलरंगाचे थरावर थर देण्यापेक्षा घासून अलसीचं तेल लावा. अलसी म्हणजे आपली जवस, विदर्भाचंच पीक. हे तेल हवेत सुकून कडक होतं, म्हणूनच युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं त्यात रंग कालवले. एक काळजी घ्या. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

अमेरिकेत या सगळ्याला 'होम स्टेजिंग' म्हणतात. बार्ब श्वार्झ या बाई 1972पासून हे करत असल्याचं सांगतात. त्यांच्या पद्धतीचा गाभा विकत काही आणायचा नाही, उलट काढून टाकायचा आहे. अडगळ हलवा, उजेड येऊ द्या, म्हणजे बघणाऱ्याला आपलं सामान तिथं मांडता येईल. ओसरीवरची मोडकी बाज, कोनाड्यातल्या रिकाम्या बाटल्या, माळ्यावरची पोती, हे हललं की खोली फुकटात मोठी होते.

इथपर्यंत सोपं होतं. आता खरी गोम.

मराठीत 'चुना लावणे' याचा दुसरा अर्थ तुम्हाला माहीत आहे! फसवणं. भिंतीला ओल आहे, पोपडे आलेत, आणि तेवढ्याच जागी ताजा रंग फासला, तर तो हात सजावटीचा राहत नाही. यावर कायदाही जुना आहे. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगावाच लागतो. लपवला तर ती लबाडी धरली जाते.

शिवाय लपवणं टिकतही नाही. मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. चुन्यातून ओल बाहेर पडते, प्लास्टिक पेंटमागं ती कोंडते आणि एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. गाव लहान आहे. ज्याला घर विकलं तो उद्या बाजारात भेटणारच.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी छपराची गळती आणि ओलीचं कारण. मग झाडलोट आणि अडगळ. मग जुनी चुन्याची भिंत असेल तर चुना आणि नीळ. तेलरंगावर चुना धरत नाही, तिथं नुसतं धुऊन घ्या. मग दार. शेवटी उंबऱ्याशी सडा आणि रांगोळी. आणि घरपट्टीच्या पावत्या, वारसांच्या नोंदी एका फाइलीत लावून ठेवा. कागद नीट नसले तर सगळा रंग फुकट जातो.

दोनशे वर्षांत सामान बदललं, चुन्याचा डिस्टेंपर झाला, शेणाची फरशी झाली. घर बघायला आलेला माणूस मात्र आजही तेच शोधतो, की इथं कोणीतरी जपून राहिलंय का. ते दाखवायला हजारो रुपये लागत नाहीत. जपलेलं असावं मात्र लागतं.

तुमच्या घराच्या भिंतीवर खालून किती थर निघतात, ते एकदा खरवडून बघा आणि आम्हाला सांगा. भेटू पुढच्या भागात!