समुद्रात हरवलेला माणूस दिसतो कसा?

आजचा भाग समुद्राचा आहे, पण प्रवाळ, कासवं, निळंशार पाणी असलं त्यात फार काही येणार नाही. आज एकाच प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. बोटीपासून लांब वाहून गेलेला डायव्हर परत सापडतो कसा?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मालवणला किंवा तारकर्लीला स्कूबा केलं असेल. तिथे पाणी उथळ, बोट डोक्यावर आणि इन्स्ट्रक्टरने तुम्हाला धरून ठेवलेलं. त्यामुळे हा प्रश्न मनातसुद्धा येत नाही. पण एकदा चटक लागली की पुढे अंदमान, मालदीव, इंडोनेशियाचे बेत सुरू होतात. तिथे बऱ्याच ठिकाणी प्रवाहाबरोबर वाहत जायचं आणि बोटीने वरून तुमच्या मागे यायचं, अशी पद्धत असते. मग ती बोट आलीच नाही तर?

असं घडलेलं आहे. २५ जानेवारी १९९८. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यापासून दूर, ग्रेट बॅरियर रीफवर एक डायव्हिंगची बोट गेली होती. त्यात एक अमेरिकन नवरा-बायको होते. दोघं पाण्याखाली असतानाच बोट किनाऱ्याकडे निघून गेली. माणसं मोजण्यात चूक झाली होती. खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट पुढे आहे. दोन माणसं कमी आहेत हे कुणाच्या लक्षात यायला दोन दिवस लागले, तेही बोटीवर त्यांची बॅग पडून राहिलेली दिसली म्हणून. मग विमानं, हेलिकॉप्टरं, बोटी सगळं निघालं. ते दोघं सापडले नाहीत. काही महिन्यांनी डायव्हर पाण्याखाली लिहायला वापरतात तशी एक पाटी मिळाली. तिच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता लिहिलेली मदतीची हाक होती. म्हणजे रात्र काढून ते जिवंत होते. वाट बघत होते. आणि त्या सकाळी त्यांना कुणीही शोधत नव्हतं.

या घटनेवरून सुचलेला ‘ओपन वॉटर’ हा सिनेमा २००३ मध्ये आला. सिनेमातले शार्क लोकांच्या लक्षात राहतात. मला मात्र ते दोन दिवस जास्त भयंकर वाटतात. का, ते जरा हिशोबाने बघू.

समजा प्रवाह अगदी मामुली आहे, ताशी १ किलोमीटर. कुठल्या दिशेला, ते माहीत नाही. तासाभरात शोध सुरू झाला तर माणूस १ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेतरी असणार. म्हणजे ३ चौरस किलोमीटरच्या आसपास. दोन-तीन बोटींनी हे पिंजून काढता येतं. ४८ तासांनी तेच वर्तुळ ७,२०० चौरस किलोमीटरचं होतं. मुंबई शहर आणि उपनगर मिळून साधारण ६०० चौरस किलोमीटर. म्हणजे बारा मुंबया! आणि त्यात शोधायचं काय, तर नारळाएवढं डोकं. तेही काळ्या वेटसूटमधलं, लाटांच्या मध्ये.

उलट बाजूनेही तेच. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाचे डोळे पाण्यापासून वीतभरच वर असतात. तिथून क्षितिज जेमतेम दीड किलोमीटरवर येतं. बोटीवर उभा असलेला माणूस पाच-सहा किलोमीटर लांबपर्यंत बघू शकतो, पण नारळाएवढी वस्तू त्याला शेकडो मीटरवरूनही चुकते. हात हलवून काही होत नाही. ओरडलेलं वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात विरून जातं.

तेव्हा प्रश्न असा की मोठं कसं व्हायचं? चमकायचं कसं? आता इथून आपण थेट दीडशे वर्षं मागे जाऊ, आणि तेही कराचीला.

कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. तिथे तारखात्यात हेन्री मॅन्स नावाचा अधिकारी होता. त्याने १८६९ च्या सुमारास तिपाईवर बसवलेल्या आरशाने सूर्यप्रकाशाचे झोत पाठवायचं यंत्र तयार केलं. हेलिओग्राफ. तार नाही, बॅटरी नाही, फक्त ऊन. दुसऱ्या अफगाण युद्धात ते डोंगरांवरून वापरलं गेलं. याची ताकद किती? १८९४ मध्ये अमेरिकेत फक्त ८ इंची आरसे वापरून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर संदेश पाठवला गेला. अंतर १८३ मैल, म्हणजे २९५ किलोमीटर. मुंबईत उभं राहून नगरच्याही पलीकडे कवडसा पाडण्यासारखं आहे हे!

डायव्हरच्या खिशात आज जो तळहाताएवढा आरसा असतो ना, तो याच घराण्यातला. तो खिशात आला कसा, त्यासाठी दुसऱ्या महायुद्धात जावं लागेल.

ऑक्टोबर १९४२. अमेरिकेचा पहिल्या महायुद्धातला गाजलेला वैमानिक एडी रिकनबॅकर एका बॉम्बर विमानातून पॅसिफिकवरून चालला होता. विमान वाट चुकलं, इंधन संपलं, समुद्रात उतरावं लागलं. आठ माणसं छोट्या रबरी तराफ्यांवर २४ दिवस वाहत राहिली. एकजण दगावला, सात जण वाचले. त्या दिवसांत त्यांना डोक्यावरून जाणारी विमानं दिसली होती. विमानातल्यांना मात्र ते दिसले नाहीत!

त्या युद्धात शेकडो वैमानिक समुद्रात पडत होते, त्यामुळे त्यांना वरून दिसतील असं काहीतरी देणं भाग होतं. मधोमध भोक असलेला आरसा आला. भोकातून नेम धरायचा, म्हणजे कवडसा नेमका विमानावर पडतो. पाण्यात टाकायची रंगाची पुडी आली. तिच्यातला फ्लोरेसीन हा रंग आडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये तयार केला होता. पुडी सोडली की आजूबाजूचं पाणी झगझगीत पोपटी होतं. माणूस तेवढाच राहतो, पण त्याच्याभोवतीचा डाग मोठा होतो.

युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या सिलिंडरमधून हवी तेवढीच हवा देणारं यंत्र बनवलं. आजच्या स्कूबाची खरी सुरुवात तीच. मग साधी माणसंही हौसेने समुद्रात उतरायला लागली आणि वैमानिकांचा प्रश्न त्यांच्याही वाट्याला आला.

डायव्हरनी त्यावर काढलेलं स्वस्त आणि मस्त उत्तर म्हणजे फुगवायची लांबलचक नळी. नारिंगी किंवा पिवळी, उभी केली की माणसाएवढी. डायव्हिंगवाले तिला गमतीने सॉसेज म्हणतात. दोरीला बांधून ती पाण्याखालूनच वर सोडता येते, म्हणजे आपण वर यायच्या आधीच बोटवाल्याला कळतं, पोरं इथे आहेत. कोकणातल्या मच्छीमाराला हे नवीन नाही. जाळं कुठे टाकलंय ते कळावं म्हणून तोही काठीला झेंडा लावून तरंगत ठेवतोच की!

पण नळी असो की आरसा, दोन्हींना समोर बघणारा डोळा लागतो. १९९८ च्या त्या सकाळी तोच नव्हता. कुणी शोधत नसताना हाक मारायची असेल, तर ती आकाशातून जायला हवी.

त्याची सोय खरं तर आधीच झाली होती. १९७९ मध्ये, शीतयुद्ध चालू असताना, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स हे चार देश हरवलेल्या माणसांसाठी एकत्र आले. कॉस्पस-सारसॅट हे त्या योजनेचं नाव. पहिला सोव्हिएत उपग्रह जून १९८२ मध्ये वर गेला आणि त्याच सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या छोट्या विमानातली तीन माणसं त्याच्यामुळे सापडली. युक्ती साधी होती. लोकल भोंगा वाजवत आपल्यासमोरून गेली की सूर बदलतो ना, तसाच जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या उपग्रहाला सिग्नलचा सूर बदललेला जाणवतो. त्यावरून जागा काढायची. या योजनेने आजवर ५० हजारांहून जास्त माणसं वाचवायला मदत केली आहे.

मग ते यंत्र १९९८ मध्ये त्या दोघांच्या खिशात का नव्हतं? कारण ते मुख्यतः जहाजांचं आणि विमानांचं होतं. माणसाने अंगावर बाळगायचं छोटं यंत्र, ज्याला पीएलबी म्हणतात, ते वापरायला खुद्द अमेरिकेत सर्वसामान्यांना देशभर परवानगी मिळाली १ जुलै २००३ ला. साडेपाच वर्षं उशिरा. आजही बरीचशी पीएलबी खोल पाण्याचा दाब सोसत नाहीत, म्हणून डायव्हर ती जलरोधक डबीत घालून नेतात. दुसरा पर्याय एआयएसवर चालणाऱ्या यंत्राचा. ते उपग्रहाकडे न जाता आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर तुमची जागा दाखवतं.

भारतही या व्यवस्थेत आहे. इस्रोचं त्यासाठीचं केंद्र बंगळुरूला आहे आणि समुद्रातला शोध तटरक्षक दल घेतं. इस्रोने मच्छीमारांसाठीही संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र बनवलं आहे. त्याच्या नव्या पिढीत संदेश पोचल्याची पोच उलट मच्छीमाराला मिळते. मला यातली ही पोच फार महत्त्वाची वाटते. आपली हाक कुणीतरी ऐकली आहे हे कळलं, तर माणूस आणखी एक रात्र काढू शकतो.

आणि उपग्रह आला म्हणून आरसा मोडीत निघाला, असं झालेलं नाही. उपग्रह हेलिकॉप्टरला तुमच्या जवळपास आणून सोडतो. शेवटचा टप्पा अजूनही कुणाच्या तरी डोळ्यांनीच पार होतो. तिथे नारिंगी नळी लागते, आरसा लागतो, रात्री दिवा लागतो.

राहता राहिली सगळ्यात जुनी आणि फुकटची गोष्ट. मोजणी. १९९८ नंतर क्वीन्सलँडमध्ये बोटीवर माणसं मोजून तशी लेखी नोंद ठेवायचे नियम कडक झाले. तेव्हा तुम्ही कुठेही डायव्हिंगला गेलात तर बोटवाल्याला बिनधास्त विचारा, ‘दादा, माणसं कोण मोजतं? नावाने की नुसतं डोकी मोजून? लिहून ठेवता का?’ कुणी हसलं तर हसू द्या. शेजारी बसलेल्याला आपलं नाव सांगा, त्याचं विचारून घ्या. किनाऱ्यावर एखाद्या माणसाला परतायची वेळ सांगून जा आणि त्या वेळेला फोन आला नाही तर काय करायचं तेही सांगा. बारा मुंबयांचं वर्तुळ तीन चौरस किलोमीटरवर आणायची ताकद या एका फोनमध्ये आहे.

आरसा घेतलात तर गच्चीवर सराव करा. आरसा डोळ्याजवळ, दुसरा हात लांब, दोन बोटांची व्ही. लांबची भिंत त्या दोन बोटांमध्ये धरायची आणि कवडसा बोटांवर आणायचा. कुणाच्या डोळ्यांवर मारू नका, आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर तर अजिबात नाही!

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी अंदमानचं तिकीट काढून बसलं असेल, तर निघायच्या आधी हा भाग त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.