ग्रेहॉक : अनेकांनी रचलेले जग

कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण जग उभे राहू शकते, हे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाने दाखवून दिले. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळात ठरावीक पट नसतो आणि अंतिम हारजीतही नसते. प्रत्येक खेळाडू योद्धा, मांत्रिक किंवा धर्मगुरू अशी भूमिका घेतो. ‘डन्जन मास्टर’ म्हणजे खेळाचा सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्राने काय करायचे ते खेळाडू ठरवतो आणि यशापयशाचा कौल फासे देतात. हे प्रसंग ज्या जगात घडतात, ते मात्र एकट्या सूत्रधाराची निर्मिती क्वचितच असते.

जहागिरीतून जन्म

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील युद्धखेळांच्या हौशी मंडळींनी ‘कॅसल अँड क्रुसेड सोसायटी’ स्थापन केली. ‘ग्रेट किंग्डम’ या कल्पित राज्याच्या नकाशावर सभासदांना जहागिरी मिळत. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या वाट्याच्या प्रदेशात ब्लॅकमूर वसवले. १९७१ पासून त्यांचे मित्र तेथे सैन्याऐवजी एकेका वीराची भूमिका करू लागले. डाव संपला तरी पुढच्या बैठकीत तोच वीर, जुन्या आठवणींसह, पुन्हा हजर होई. हा बदल निर्णायक ठरला. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे हा खेळ गॅरी गायगॅक्स यांना दाखवला. त्यानंतर गायगॅक्स यांनी ग्रेहॉकचा किल्ला रचला. त्याच्या तळघरांत प्रथम उतरली ती त्यांचीच मुले, अर्नी आणि एलिस.

खेळाडूंच्या खुणा

हे जग गरजेनुसार वाढत गेले. आधी किल्ला व त्याखालची भुयारे, मग जवळचे शहर आणि खेळाडू त्याही पलीकडे निघाले तेव्हा आसपासची राज्ये. रॉब कुंट्झ हे खेळाडू पुढे सहसूत्रधार झाले. अर्नीच्या मांत्रिकाचे ‘टेन्सर’ हे नाव त्याच्याच नावाची अक्षरे फिरवून तयार झाले, तर जिम वॉर्ड यांचे नाव रोमन लिपीत उलटे लिहून ‘ड्रॉमिज’ झाला. दोघांच्या नावांचे मंत्र नियमपुस्तकात आले. १९८० मध्ये ग्रेहॉकचा नकाशा छापला गेला, त्यात जेफ पेरेन या मित्राच्या नावाचे पेरेनलँड होते आणि उत्तरेला ब्लॅकमूरही होते.

मालकी कोणाची?

मेजावर सामाईक असलेले हे जग छापखान्यातून बाहेर पडताच मालकीचा प्रश्न उभा राहिला. खेळाच्या सुधारित आवृत्तीच्या मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये टीएसआर या प्रकाशन कंपनीवर दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड होऊन त्यांचे सहनिर्मातेपद मान्य झाले. पुढे गायगॅक्स यांनाही स्वतःची कंपनी सोडावी लागली आणि ग्रेहॉकचे हक्क तिच्याकडेच राहिले. २००५ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या किल्ल्यावर आधारित लेखन प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा त्याला ‘कॅसल झॅगिग’ हे निराळे नाव द्यावे लागले.

सामूहिक निर्मितीची परंपरा मात्र खंडित झाली नाही. ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ या उपक्रमात २००० ते २००८ या काळात वेगवेगळ्या देशांतील खेळाडूंना कल्पित नकाशावरील एकेक प्रदेश नेमून देण्यात आला. आपल्या प्रदेशाची साहसे तेथील स्वयंसेवकांनीच लिहिली. जहागिरीची जुनी कल्पनाच अशा रीतीने जगभर पसरली.

जानेवारी २०२३ मध्ये परवान्याच्या अटी बदलण्याच्या बेतावर खेळाडूंनी तीव्र आक्षेप घेतला आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या विद्यमान मालक कंपनीने मूलभूत नियम सर्वांच्या वापरासाठी कायमचे खुले केले. त्या दस्तऐवजात टेन्सर आणि ड्रॉमिज यांचे मंत्र आहेत. त्यांची नावे मात्र वगळलेली आहेत.