कमरेपाशी आखलेली रेघ

राष्ट्रध्वज अंगावर घालावा की नाही, या प्रश्नाचं आपल्या कायद्यातलं उत्तर कमरेपाशी येऊन थांबतं. कमरेच्या वर चालेल, खाली चालणार नाही. उल्हासनगरात या रेघेला जरा जास्तच अर्थ आहे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीचं हे शहर झालं आणि पुढे इथल्या कॅम्पांमधल्या कितीतरी गाळ्यांचं पोट जीन्सवर चालू लागलं, म्हणजे रेघेच्या बरोबर खालच्या कपड्यावर.

ही रेघ मात्र फारशी जुनी नाही. राष्ट्रप्रतिष्ठेचा अवमान रोखणारा कायदा १९७१ साली आला. लोकांदेखत ध्वज जाळणं, फाडणं, विटाळणं, तुडवणं यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्हीही. कपड्यांचा उल्लेख त्यात नव्हता. तो येण्याचं कारणही तेव्हा नव्हतं, कारण सामान्य माणसाला ठरावीक दिवस सोडले तर झेंडा लावण्याचीच मोकळीक नव्हती. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी त्यासाठी कोर्टात लढा दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि तिरंगा वर्षभर लोकांच्या हाती आला. हाती आलेली वस्तू अंगावर येणारच. २००३ च्या दुरुस्तीने पोशाखात ध्वज वापरणं सरसकट अवमानात धरलं. ही बंदी दोनच वर्षं टिकली. २००५ मध्ये ती सैल झाली आणि कमरेची रेघ आखली गेली. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी टीव्ही सूत्रसंचालिका मंदिरा बेदीच्या साडीवर सहभागी देशांचे ध्वज होते, त्यात भारताचा ध्वज गुडघ्याखाली आला. गदारोळ झाला, तिला माफी मागावी लागली.

अमेरिकेत १९६८ साली आंदोलक ॲबी हॉफमनला ध्वजाच्या नक्षीचा शर्ट घातला म्हणून अटक झाली होती. त्याची शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. तिथे आज असा शर्ट घालण्यात फारसं कुणाला वावगं वाटत नाही.

आपल्याकडे वाटतं, आणि त्यामागे खरं कारण आहे असं मी मानतो. आपल्या देशात माणसाच्या देहावर तिरंगा पांघरतात तो शासकीय किंवा लष्करी इतमामाच्या अंत्यसंस्कारात. तोही अग्नी देण्याआधी काढून घेतात, चितेवर जाऊ देत नाहीत. जो मान शहिदाच्या देहाला मिळतो, तो बाजारातल्या कुर्त्यावर पाहून एखाद्या जवानाच्या आईला काय वाटेल, हा प्रश्न फालतू नाही.

कायद्यातली दुसरी अट मला कमरेइतकीच महत्त्वाची वाटते, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. उशा, रुमाल, अंतर्वस्त्रं यांच्याबरोबरच कपडे शिवण्याच्या कुठल्याही कापडावर ध्वज छापायला किंवा भरायला मनाई आहे. शिवणकामातल्या माणसाला यातलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही. छापील तागा टेबलावर पसरला की कात्री नक्षी बघत नाही. ती आखणीवरून चालते, आणि चक्राचे तुकडे कातरणीत, कातरण पायाखाली. याउलट छातीवर किंवा बाहीवर शिवलेला छोटा अखंड झेंडा कुठेही कापला जात नाही. खेळाडूंच्या छातीवर, हेल्मेटवर आपण पाहतो तो झेंडाही असाच अखंड असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तिरंगा छातीवर मिरवण्यात अवमान नाही. त्या कपड्याचं पुढे काय होतं, यात अवमान आहे. उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, आपल्या घरात जुना टी-शर्ट शेवटी फरशी पुसायला जातो. पंधरा ऑगस्टला कौतुकाने घेतलेला तिरंगी टी-शर्टही दोन वर्षांत तिथेच पोचतो, आणि तेव्हा कुणी तक्रार करत नाही. फाटलेला, मळलेला ध्वज कचऱ्यात न टाकता एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून पूर्णपणे नष्ट करावा, असं संहिता सांगते.

तेव्हा शिवणाऱ्यांनी तिरंगा ताग्यावर न छापता वेगळा शिवावा. आणि घालणाऱ्यांनी शर्ट जुना झाला की पोछ्याला घेण्याआधी त्यावरचा झेंडा उसवून काढावा.